रिकामा बाक दिसत नाही : ऑनलाइन शिकणारे आजारी विद्यार्थी आणि आपण

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील संमंत्रक, पालक आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतील निवडक भाग आहे.)



कॉलेजात एखादी मुलगी चार दिवस आली नाही, तर ते कोणाच्या ना कोणाच्या लक्षात येतं. हजेरी घेताना सर थबकतात. शेजारी बसणारी मैत्रीण चौकशी करते. रोजच्या एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारतो, "तुमच्यातली ती एक दिसत नाही हल्ली?" बाक रिकामा असतो, आणि तो दिसतो.

ऑनलाइन शिक्षणात बाकच नाही. विद्यार्थी आला नाही तर पडद्यावरचा एक चौकोन कमी होतो. तसेही निम्म्या मुलांचे कॅमेरे बंद असतात, कारण रेंज पुरत नाही. त्यामुळे कोण गळालं, कधीपासून गळालं, हे कोणीतरी मुद्दाम पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी माझ्यापासूनच सुरुवात करते. मी दूरशिक्षणात संमंत्रक म्हणून काम करते. नवीन मंडळींसाठी सांगते, मुक्त शिक्षणात जो शिकवतो आणि अभ्यासाला वाट दाखवतो त्याला संमंत्रक म्हणतात. काही वर्षांपूर्वी माझ्या यादीत एक मुलगी होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पहिल्या वर्षी तिचे स्वाध्याय सगळ्यांच्या आधी यायचे. दुसऱ्या वर्षी दोन आले आणि मग बंद. मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तीन वेळा लिहिलं, "ज्यांचे स्वाध्याय बाकी आहेत त्यांनी त्वरित जमा करावेत." तिसऱ्या वेळी नावांची यादीसुद्धा टाकली. मार्चमध्ये तिच्या नावापुढे पेन्सिलनं लिहिलं, "सोडलं."

दीड वर्षानं ती मला घोडेगावात भेटली. म्हणाली, "मॅडम, मला फिट यायला लागल्या होत्या. गोळ्या बदलल्या, दिवसभर झोप यायची. ग्रुपवर माझं नाव आलं तेव्हा वाटलं, आता काय तोंड दाखवायचं." मी विचारलं, "अगं, मला एक मेसेज करायचा ना." ती म्हणाली, "फोन भावाचा होता, मॅडम."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. आजचं बोलणं त्यातूनच आलंय.

घरी बसून शिकण्याचं एक कारण

भारतात दूरशिक्षण आता जुनं झालं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचं, नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. 'स्वयम्'सारखे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रम २०१७ पासून आहेत. २०२० साली शाळा-कॉलेजं बंद पडली तेव्हा तर ऑनलाइन शिकणं घराघरांत पोचलं. यात कोण शिकतं? नोकरी करणारे, लग्न झालेल्या बायका, शेती सांभाळणारी मुलं. ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत. पण एक गट आपण मोजतच नाही. ज्यांना रोज कॉलेजला जाणं तब्येतीमुळे जमत नाही, ते.

कोणाला फिट येतात. कोणाला लहानपणापासून साखरेचा आजार, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. कोणाचे सांधे दुखतात, कोणाला सिकलसेल आहे. कोणाला उदासीनतेचा आजार आहे, कोणाला गर्दीत गेलं की श्वास कोंडतो. यांच्यातले बरेच जण घरून शिकायचा मार्ग निवडतात त्याचं कारण असं, की घरी आजार लपवता येतो. मुलीच्या बाबतीत तर घरचेच सांगतात, "बाहेर कळू देऊ नकोस, उद्या लग्नाचं बघायचंय."

फिटच्या आजाराचं उदाहरण घ्या. हिंदू विवाह कायद्यात हा आजार लग्नाच्या आड येणाऱ्या कारणांमध्ये होता. १९९९ साली संसदेनं तो शब्दच काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट औषधोपचार मिळाले तर दहापैकी सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात. म्हणजे कायदा बदलून पाव शतक झालं, औषध आहे, पण घरातली कुजबूज तशीच.

आता अडचण लक्षात घ्या. ज्या पडद्याआड राहता येतं म्हणून विद्यार्थी ऑनलाइनला आला, त्याच पडद्यामुळे मदत त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि आपली मदतीची रीत काय? "अडचण असेल तर अर्ज करा, सोबत प्रमाणपत्र जोडा." म्हणजे आधी आजार जाहीर करा, मग मदत. जो लपवण्यासाठीच इथे आला तो हे करणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की बरीचशी मदत आजार न विचारता करता आली पाहिजे. ती करता येते.

आजारपण अभ्यासात नेमकं काय करतं

आपल्याला वाटतं, आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला. दीर्घ आजार तसा नसतो. तो चढउताराचा असतो. आठ दिवस बरे, तीन दिवस वाईट. वाईट दिवस कधी येणार ते आधी कळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, "काल तर चांगला होता, आज नाटक करतोय."

शिवाय औषधांचे परिणाम. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी सकाळी जड झोप येते. काहींनी हात थरथरतो, मग तीन तास लिहायचं कसं? उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आपण स्वाध्यायाला आठ दिवसांची मुदतवाढ देतो आणि वाटतं, मोठे उपकार केले. त्या आठ दिवसांत औषधानं कामही सुरू केलेलं नसतं. फिटच्या रुग्णाला जागरण चालत नाही, झोप मोडली की फिट येण्याचा धोका वाढतो. आणि आपण सल्ला काय देतो? "रात्री जागून पूर्ण कर."

उदासीनतेत आणखी एक गोष्ट होते, ती आळसासारखी दिसते. काम सुरूच करता येत नाही. पुस्तक समोर असतं, वाक्य तीनदा वाचलं तरी आत जात नाही. मग लाज वाटते. लाज वाटली की माणूस फोन उचलत नाही, आणि फोन उचलला नाही की आपण म्हणतो, याला शिकायचंच नाही.

आपल्या भागाचं वेगळेपण

ही झाली कुठेही लागू पडणारी गोष्ट. आता आपल्या दोन तालुक्यांकडे या.

पूर्वेला नारायणगाव, मंचर, आळेफाटा. हायवे, बाजारपेठ, दवाखाने, रेंज. पश्चिमेला भीमाशंकर, नाणेघाटाकडचा डोंगराळ आदिवासी पट्टा. तिथे रेंज गावात नसते, ती टेकाडावर एका ठरावीक दगडापाशी असते. धडधाकट मुलगा चढून जातो. सांधे दुखणारी मुलगी कशी जाईल? आणि संध्याकाळी सातचं ऑनलाइन सत्र ठेवलं, तर त्या वेळी एकट्यानं घराबाहेर जाऊन बसायचं कसं? बिबट्याची भीती जुन्नर-आंबेगावात कोणाला समजावून सांगायला नको.

पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतात. त्याच दिवसांत भाताची आवणी. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. 'इग्नू'च्या सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनची परीक्षा म्हणजे आपल्याकडे पेरणी आणि पहिला पाऊस. धडधाकट माणूस कसाबसा दोन्ही निभावतो. आजारी माणसाकडे दिवसाची ताकद मोजकी असते. ती शेतात संपली, की अभ्यासाला उरत नाही.

आणखी एक गोष्ट जपून सांगते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसं गेली. त्या खोऱ्यांत अशी घरं आहेत, जिथे जोराचा पाऊस लागला की अजूनही झोप येत नाही. तिथला विद्यार्थी जुलैत गप्प झाला, तर "नेटवर्क नसेल" एवढंच कारण धरून चालू नका.

आणि फोन. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच, तो वडिलांचा नाहीतर भावाचा. आपण पाठवलेला मेसेज आधी कोण वाचतं? "गोळ्या घेतेस ना वेळेवर?" असा मायेनं पाठवलेला मेसेजसुद्धा एखादीचं शिक्षण बंद पाडू शकतो.

कायदा काय देतो, कुठे थांबतो

कायदा माहीत असलाच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात २१ प्रकार आहेत. मानसिक आजार आहे, सिकलसेल आहे, थॅलेसिमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार योग्य ते बदल करून द्यावेत, असं हा कायदा सांगतो. परीक्षेत लिहिण्याची अडचण असणाऱ्याला लेखनिक मिळू शकतो, आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत.

पूर्वी सगळे म्हणायचे, ४० टक्के दिव्यांगत्व असेल तरच. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या खटल्यात निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे, पण टक्केवारी कमी म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं, ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. हा निकाल आपल्या प्रत्येक केंद्रावर माहीत असायला हवा.

पण कायदा कुठे थांबतो तेही पाहा. लहानपणापासूनचा मधुमेह त्या २१ मध्ये नाही. फिटच्या आजाराचं नाव त्या यादीत वेगळं लिहिलेलं नाही. आणि ज्यांचा आजार यादीत आहे त्यांना प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी आधी निदान, उपचार, कागद. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालं. त्यात दिसलं, की दहा प्रौढांमागे एकाहून थोड्या जास्त जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचले नव्हते. ज्याला डॉक्टरच भेटलेला नाही, तो प्रमाणपत्र कुठून आणणार?

म्हणून दोन्ही हवं. प्रमाणपत्र मिळू शकतं त्याला ते मिळवायला मदत करायची. ज्याच्याकडे नाही त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

केंद्रावर उद्यापासून करता येतील अशा गोष्टी

पहिली. गैरहजेरीची वही. प्रत्येक संमंत्रकानं दर पंधरा दिवसांनी यादी काढायची : कोण सत्राला आलं नाही, कोणाचा स्वाध्याय आला नाही. पंधरा दिवस गप्प असलेल्याला फोन, ग्रुपवर मेसेज नाही. फोन दुसऱ्यानं उचलला तर एवढंच, "अभ्यासकेंद्रावरून बोलतेय, पुस्तकांबद्दल सांगायचं होतं." विद्यार्थी बोलायला आला तर "का केलं नाहीस?" हा प्रश्न नको. विचारायचं, "सध्या अभ्यासाला काय आड येतंय? आम्ही केलेल्या कशानं सोपं होईल?" आजाराचं नाव त्यानं सांगितलं तर ऐकायचं. नाही सांगितलं तर खोदायचं नाही.

दुसरी. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला खाजगीत विचारायचं : तुझ्याशी बोलायला कोणता नंबर, कोणती वेळ, कोणाला कळलेलं चालेल? हे सगळ्यांनाच विचारलं, की कोणावर शिक्का बसत नाही.

तिसरी. सवलतीच्या चिठ्ठ्या. केंद्राच्या हातात असलेल्या तारखांपुरतं सांगते, विद्यापीठाच्या तारखा आपण बदलू शकत नाही. वर्षातून दोन वेळा, कारण न सांगता, तीन आठवड्यांची मुदतवाढ. प्रत्येक विद्यार्थ्याला. ज्याला आवणी आहे तो तिथे वापरेल, ज्याला वाईट आठवडे आले तो तिथे. कोण कशासाठी वापरतोय ते कोणाला कळायचं कारण नाही.

चौथी. साहित्य हलकं ठेवा. तासाभराचा व्हिडिओ टेकाडावर उतरवता येत नाही. त्याचाच आवाज वेगळा करून पाठवला तर फाइल कितीतरी लहान होते, पडून ऐकताही येते. सोबत दोन पानांचा लेखी सारांश. प्रत्यक्ष सत्राला हजर राहण्याला गुण ठेवू नका, रेकॉर्डिंग ऐकून चार ओळी लिहिल्या तरी चालतील असं करा.

पाचवी. परीक्षेची तयारी आधी. लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या दिवशी होत नाही, फॉर्म भरतानाच केंद्राशी बोला. मधुमेह असलेल्याला साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवावं लागतं. 'सीबीएसई'नं २०१७ मध्ये आपल्या बोर्डाच्या परीक्षांना तशी परवानगी दिली. त्या उदाहरणाचा आधार घेऊन आपल्या विद्यार्थ्यासाठी आधी लेखी परवानगी घ्या. पर्यवेक्षकाशी ऐनवेळी वाद घालण्यात त्या मुलाची साखर आणखी उतरते.

सहावी, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती परतीची वाट. सहा महिन्यांनी परत आलेल्याला "हे बारा स्वाध्याय बाकी आहेत" असं सांगितलं, की तो पुन्हा जातो. एकच काम द्या, आठवड्यात होईल असं. आणि मुदतीचं गणित मांडून दाखवा. 'इग्नू'ची बी.ए. कमीत कमी तीन वर्षांत होते, पण त्यासाठी सहा वर्षांपर्यंत मुदत असते. एक वर्ष गेलं म्हणजे सगळं गेलं, असं विद्यार्थ्याला वाटत असतं. ते तसं नाही, हे आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?

आपली हद्द

आपण डॉक्टर नाही. औषध चालू ठेव, बंद कर, हे आपण सांगायचं नाही. कोणी भगताकडे जात असेल तर त्याला हिणवू नका, तो आपल्याशी बोलणंच बंद करेल. एवढंच म्हणा, "तिकडे जा, पण डॉक्टरच्या गोळ्या मध्येच सोडू नका."

मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव आणि नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं इथे मानसिक आरोग्याच्या तपासणीचा वार विचारून घ्या आणि तो केंद्रावर फळ्यावर लिहून ठेवा. फळ्यावर लिहिलं, की कोणाला विचारावं लागत नाही. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो.

आणि कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर ते नाटक समजू नका. थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ लावा, लगेच धोका असेल तर १०८ किंवा ११२. एरवी गुप्तता पाळायची, पण अशा वेळी त्याच्या विश्वासाच्या एका माणसाला सांगायचंच, आणि सांगणार आहोत हे त्यालाही सांगायचं.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : कारण न विचारता मुदतवाढ दिली तर सगळेच गैरफायदा घेतील ना?

काही घेतील. पण चिठ्ठ्या दोनच आहेत, आणि अभ्यास शेवटी त्यालाच करायचाय. एका आळशी मुलाला तीन आठवडे जास्त मिळाले, तर आपलं काय गेलं? आजारी मुलीला ते मिळाले नाहीत, तर तिचं वर्ष जातं.

प्रश्न : माझ्या मुलाला शिकवताना मी शिक्षकांना त्याच्या आजाराबद्दल सांगू की नको? (एक पालक)

ताई, आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर एकाच माणसाला सांगा आणि कामापुरतंच सांगा. "सकाळी दहाच्या आत त्याला जमत नाही" एवढं पुष्कळ होतं. आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही.

प्रश्न : परीक्षा चालू असताना कोणाला फिट आली तर काय करायचं?

कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८. शुद्धीवर आल्यावर भोवती गर्दी नको. आणि पेपर राहिला तर पुढे काय करता येईल, हे त्याला त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : त्या मुलीचं पुढे काय झालं?

तिनं परत नाव नोंदवलं. मुदत शिल्लक होती. या वेळी मी तिला पहिल्या दिवशी विचारलं, फोन कोणत्या नंबरवर करू. तिनं मावशीचा नंबर दिला. मी दर दुसऱ्या रविवारी करते. कधी ती उचलते, कधी मावशी सांगते, "आज झोपलीये." मग मी पुढच्या रविवारी करते. माझ्या वहीतला "सोडलं" हा शब्द मी आता वापरत नाही. तिथे लिहिते, "फोन करायचा आहे."